धातू, मूलद्रव्ये आणि पूर्णाकाठचे मीठ

पाली साहित्यातील ‘धातू’ आणि रसायनशास्त्रातील ‘मूलद्रव्य’ एकच होत, असे प्रतिपादन आपल्याकडे उत्साहाने केले जाते. ते इतिहासाला धरून नाही, असे आमचे मत आहे. तथापि या दोहोंत एक खरे साम्य आहे व ते वऱ्हाडच्या मातीत स्पष्ट दिसते.

मज्झिमनिकायातील महाहत्थिपदोपमसुत्तात स्थविर सारिपुत्त देहाचे विवेचन चार महाभूतांच्या आधारे करतात. केस, दात, हाडे, मूत्रपिंड हे पृथ्वीधातूत येतात; रक्त, घाम, अश्रू, मूत्र हे आपोधातूत. अभिधम्म परंपरेने या धातूंचे अर्थ काठिण्य, संसक्ती, उष्णता आणि गती असे गुणवाचक केले. ही रासायनिक पदार्थांची यादी नव्हे. ती कल्पना प्रयोगशाळेतून आली. ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही कसोटी लावून फ्रान्समधील लाव्हाझिए याने 1789 साली 33 नावांची यादी प्रसिद्ध केली. पुढे 1807 साली इंग्लंडमध्ये डेव्हीने सोडियम वेगळे केले. मानवी देहाच्या वजनाचा सुमारे 96 टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारांचाच असतो, हे आज सिद्ध आहे. सत्तर किलो वजनाच्या देहात सोडियम मात्र केवळ 100 ग्रॅमच्या आसपास असते.

मग साम्य कोणते? देहातील पृथ्वीधातू आणि बाहेरचा पृथ्वीधातू एकच. म्हणून ‘हा माझा’ असे मानू नये, हा सुत्ताचा निष्कर्ष आहे. जीवद्रव्य निर्माण होण्यास विशेष प्राणशक्ती लागते, असे युरोपातील अनेक विद्वान मानीत. 1828 साली जर्मन रसायनज्ञ व्होलर याने मूत्रातील युरिया मूत्रपिंडाच्या साहाय्यावाचून तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला.

आता वऱ्हाडकडे वळू. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजलात मिठाचे प्रमाण मोठे आहे. 1930 साली अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे विहिरीच्या याच खाऱ्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रहींनी कायदा मोडला. त्या मिठातील सोडियम आणि शेतमजुराच्या घामातील सोडियम यांत कोणताही रसायनज्ञ भेद दाखवू शकणार नाही.

त्याआधी तीन वर्षे, नोव्हेंबर 1927 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली होती. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क हा तिचा विषय होता. एका देहाच्या स्पर्शाने दुसरा देह विटाळतो, या समजुतीत देह दोन प्रकारच्या द्रव्यांचे असतात हे गृहीत धरलेले असते. सारिपुत्तांच्या विश्लेषणात अशा भेदाला जागा नाही आणि मूलद्रव्यांच्या कोष्टकातही नाही. दोन स्वतंत्र मार्गांनी आलेले हे एकमत आम्हांस अधिक मोलाचे वाटते. बुद्धवचनात आधुनिक विज्ञान शोधत बसल्याने त्याचे बळ उलट कमी होते.

या विचाराला वर्तमान बाजूही आहे. जे मीठ योग्य प्रमाणात देह चालविते, तेच अतिरेकाने मूत्रपिंडावर भार टाकते. खारपाणपट्ट्यातील ग्रामस्थ मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ करीत आले आहेत. बाहेरचा धातू आणि आतला धातू एकच, हे पटले असेल, तर गोड्या पाण्याची मागणी ही प्रत्यक्ष देहाच्या रक्षणाचीच मागणी ठरते.