वाड्यांवरील रंगथर : एक उपेक्षित साधन

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार हाती घेतला, म्हणजे दर्शनी खांब, महिरपी व सज्जे यांवरील तैलरंग खरवडून ‘मूळचे सागवान’ उघडे करावे, ही सूचना बहुधा प्रथम पुढे येते. सूचना सद्हेतूची असते. परंतु लाकूड मूळचे उघडेच होते, हे तीत केवळ गृहीत धरलेले असते.

येथे शब्दांची साक्ष उपयोगी पडते. ‘रोगण’ हा शब्द फार्सी ‘रौगन’ म्हणजे तेल यावरून आला. ‘सफेदा’ही फार्सीच, ‘शेंदूर’ मात्र संस्कृत ‘सिंदूर’ याचे रूप होय. तेव्हा तेलयुक्त लेपाची कल्पना विलायती रंगाच्या डब्याबरोबरच आपल्याकडे आली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अर्थात शब्दावरून वस्तूचा परिचय तेवढा सिद्ध होतो. अमुक खांबास रोगण होते की नाही, हे त्या खांबालाच विचारले पाहिजे.

खांब उत्तर देतो. नक्षीच्या खाचांत सर्वांत जुने थर टिकून राहतात. एका लहानशा जागी ते क्रमाक्रमाने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यांचा पूर्वापर क्रम लागतो. टिटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. तो ज्या थरात सापडेल तो थर त्याहून जुना असू शकत नाही.

नाना फडणीसांच्या मेणवलीच्या वाड्यातील दप्तर द. ब. पारसनीस यांनी मिळविले. त्यांचे साताऱ्याचे संग्रहालय १९२५ साली उघडले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद असा साधन ठरला. वाड्यांच्या लाकडावरचा लेप मात्र केर ठरत आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्याज्य ठरलेले पाठही तळटीपांत व परिशिष्टांत जपले. खरवडणीला तळटीप नसते.

रंग कधीच काढू नये, असा याचा अर्थ नव्हे. २००५ व २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांनी सांगलीत दाखविल्याप्रमाणे लाकूड भिजणे ही नित्य शक्यता आहे, आणि जाड तैलरंगाखालील ओल लवकर सुकत नाही. अशा ठिकाणी रंग काढणे हेच रक्षण होय. मात्र ज्वालेने जुने लाकूड पेटण्याचे भय असते व शिशाची विषारी वाफ निघते. कॉस्टिक सोड्याने सागवान काळवंडते. कोरड्या घासणीने नक्षीच्या कडा बोथट होतात व धूळ श्वासावाटे शरीरात जाते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली; त्यापूर्वीचा थर शिसेयुक्त समजूनच कामगारांचे संरक्षण केले पाहिजे.

म्हणून खरवडणीपूर्वी प्रत्येक मजल्यावर, पावसापासून सुरक्षित बाजूस, एक पट्टी अस्पृष्ट राखावी. थरांची नोंद व नमुने ठेवावेत. हा खर्च अल्प आहे. एकदा झडलेला थर मात्र कोणत्याही दप्तरात पुन्हा सापडणार नाही.