चिलखताचा आकडा कमी झाला, मग संरक्षण वाढलं कसं? टेक्स्ट गेममधला 'आर्मर क्लास' समजून घ्या

समजा, तुम्ही एक जुना टेक्स्ट गेम खेळताय. साठवलेलं सगळं सोनं खर्च करून नवं चिलखत घेतलं, अंगावर चढवलं आणि स्क्रीनवर आर्मर क्लास ६ वरून ३ वर आला. आकडा घसरला, म्हणजे दुकानदाराने फसवलं असं वाटून तुम्ही ते चिलखत विकून टाकलं. पुढच्याच गुहेत तुमचं पात्र मेलं.

खरं तर ते चिलखत चांगलं होतं. अनेक टेक्स्ट गेममध्ये चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं संरक्षण जास्त. असं का, आणि हा आकडा आतमध्ये नेमकं काय करतो, ते पाहू.

टेक्स्ट गेममध्ये आकडा इतका महत्त्वाचा का?

मड, म्हणजे मल्टी-युजर डंजन, हे अनेकांनी एकत्र खेळायचे ऑनलाइन गेम. यातलं जग, शत्रू आणि लढाई, सगळं शब्दांत येतं. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. दुसरा प्रकार रोग, नेटहॅक, अँगबँड यांसारख्या गेमचा. त्यात अक्षरं आणि चिन्हं वापरून नकाशा दाखवतात.

इथे चकाकणारं चिलखत डोळ्यांना दिसत नाही. ते किती मजबूत आहे हे सांगायला वर्णन आणि आकडा, एवढंच हाताशी असतं. स्क्रीन रीडर वापरून मड खेळणारे दृष्टिहीन खेळाडूही बरेच आहेत. त्यांनाही तोच आकडा ऐकू येतो जो इतरांना दिसतो. त्यामुळे हा आकडा वाचता येणं हेच इथलं मोठं कौशल्य.

उलटा आकडा आला कुठून?

याचं मूळ आहे १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या गेममध्ये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यात चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास ९ होता, तर पोलादी पत्र्याचं चिलखत आणि ढाल असलेल्याचा २.

ही कल्पना आपण अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या युद्धखेळावरून घेतली, असं आर्नेसन यांनी सांगितलं होतं. आकड्याकडे 'दर्जा' म्हणून पाहिलं की गोंधळ कमी होतो. पहिल्या दर्जाचं चिलखत तिसऱ्या दर्जापेक्षा चांगलं, तसंच हे.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये चिलखत नसलेल्याचा आकडा १० झाला आणि उत्तम संरक्षण शून्याच्याही खाली, उणे १० पर्यंत गेलं. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत उलटवली. तेव्हापासून या गेममध्ये आकडा जास्त म्हणजे संरक्षण जास्त. पण तोवर जुन्या पद्धतीवर कितीतरी मड आणि गेम लिहून झाले होते. त्यांच्यात उलटा आकडा तसाच राहिला.

पहिली पद्धत : वार लागणार की चुकणार?

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या डिकूमडवरून पुढे असंख्य मड तयार झाले. सर्कलमड हे त्यातलंच एक. त्यात दर वाराला संगणक २० बाजूंचा फासा टाकतो. हल्लेखोराचा एक आकडा असतो, त्याला 'थॅको' म्हणतात. आर्मर क्लास शून्य असलेल्यावर वार लागायला फाशावर किमान किती हवेत, ते हा आकडा सांगतो.

हिशोब सोपा आहे. थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा. जे उरेल तेवढं किंवा जास्त फाशावर पडलं, तर वार लागतो.

शत्रूचा थॅको २० आहे असं धरू.

• तुमचा आर्मर क्लास १० : त्याला १० किंवा जास्त हवेत. वार लागण्याची शक्यता ५५ टक्के.
• आर्मर क्लास ३ : १७ किंवा जास्त हवेत. शक्यता २० टक्के.
• आर्मर क्लास ० : फक्त २० चालेल. शक्यता ५ टक्के.

फाशावर २० पडले तर वार लागतोच आणि १ पडला तर चुकतोच. म्हणून या शत्रूसमोर उणे ५ आर्मर क्लास असला, तरी शक्यता ५ टक्केच राहते. पण थॅको १० असलेल्या तगड्या शत्रूसमोर चित्र बदलतं. शून्यावर त्याची शक्यता ५५ टक्के, उणे ५ वर ३० टक्के आणि उणे १० वर ५ टक्के. म्हणजे एकच चिलखत एका शत्रूसमोर गरजेपेक्षा जास्त, तर दुसऱ्यासमोर अपुरं ठरू शकतं.

शेवटचे गुण सर्वांत मोलाचे

इथे बऱ्याच खेळाडूंचा अंदाज चुकतो. आर्मर क्लासचा प्रत्येक गुण शत्रूची शक्यता ५ टक्क्यांनीच कमी करतो. पण ५० वरून ४५ वर आणणं आणि १० वरून ५ वर आणणं सारखं नाही.

शत्रूने १०० वार केले असं समजा. पहिल्या वेळी ५० ऐवजी ४५ वार लागतील, म्हणजे मार दहा टक्क्यांनी घटला. दुसऱ्या वेळी १० ऐवजी ५ लागतील, म्हणजे मार निम्म्यावर आला. त्याच एका गुणात तुमचं पात्र साधारण दुप्पट वेळ टिकेल. म्हणून आधीच चांगलं चिलखत असलेल्याला एखादं छोटं हातमोज्याचं जोडसुद्धा महाग का परवडतं, ते कळतं.

दुसरी पद्धत : वार लागला, पण किती लागला?

काही गेममध्ये चिलखत वार चुकवतं आणि लागलेल्या वाराचा जोरही कमी करतं. अँगबँडमध्ये आकडा जास्त तितका चांगला. तिथे साध्या माराच्या बाबतीत आर्मर क्लासला ४०० ने भागून येईल तेवढा हिस्सा कापला जातो. आर्मर क्लास १०० असेल तर ४० चा मार ३० होतो. २४० ला मर्यादा येते, तिथे ४० चा मार १६ होतो. त्यापुढे कितीही चिलखत घाला, ६० टक्क्यांहून जास्त कपात नाही.

नेटहॅकमध्ये तिसरीच तऱ्हा. तिथे सुरुवात १० पासून होते आणि आकडा कमी तितका चांगला. तो शून्याखाली गेला की लागलेल्या वारातून काही गुण वजा होतात. किती, हे नशिबावर असतं. आर्मर क्लास उणे १० असेल, तर १ ते १० मधला कोणताही आकडा वजा होईल. १२ चा मार २ वर येईल किंवा ११ वरच राहील. मात्र किमान १ गुणाचा मार बसतोच.

आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टी

कुठे घातलंय : सर्कलमडमध्ये छातीवरच्या चिलखताचा आकडा तिप्पट, डोक्यावरच्या आणि पायांवरच्या चिलखताचा दुप्पट धरला जातो. हातमोजे, बूट, ढाल यांचा एकपट. सोनं मोजकं असेल तर आधी छातीवर खर्च करा.

जागे आहात का : त्याच गेममध्ये झोपलेल्या पात्रावर वार हमखास लागतो आणि मारही दुप्पट बसतो. चिलखत कितीही भारी असो, झोपायला जागा सुरक्षितच हवी.

वार कसला : रॉम या मड प्रकारात आर्मर क्लास चार असतात : भोसकणं, ठेचणं, कापणं आणि जादूसारखे इतर हल्ले. तलवारीपुढे भक्कम असलेलं पात्र गदेपुढे कच्चं असू शकतं.

आग आणि विष : अँगबँडमध्ये ड्रॅगनने फुंकलेल्या आगीला आर्मर क्लास अडवत नाही. त्यासाठी वेगळी प्रतिकारशक्ती लागते.

गंज आणि वजन : रोगमध्ये ॲक्वेटर नावाचा प्राणी धातूचं चिलखत गंजवतो, चामड्याचं मात्र वाचतं. नेटहॅकमध्ये अंगावर धातूचं चिलखत असेल तर जादूगाराचे मंत्र फसू लागतात. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच.

नवा गेम सुरू करताना काय तपासाल?

१. काहीही न घालता आर्मर क्लास किती दिसतो ते पाहा. मग एखादी ढाल किंवा टोपी घाला. आकडा कोणत्या दिशेला सरकला, तीच चांगली दिशा.

२. गेममधली मदत कमांड वापरून चिलखताने वार चुकतो, मार कमी होतो की दोन्ही, ते वाचा.

३. मर्यादा कुठे आहे ते शोधा. ती गाठली असेल, तर पुढचं सोनं शस्त्रावर किंवा औषधांवर खर्च करा.

४. जुनं चिलखत लगेच विकू नका. नवं घालून एखाद्या हलक्या शत्रूशी लढून बघा. दहा-वीस वारांत किती लागले हे मोजलंत, तरी आकड्याचा अर्थ बराचसा उलगडेल.