धुराच्या गोळ्याचा हिशोब

वीकेंडला वॉरगेम खेळणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला वाद असतो: कुठल्या रणगाड्याचं चिलखत जाड आणि कुणाची तोफ ते फोडते? धुराच्या गोळ्यावरून मात्र कुणी भांडत नाही. नकाशावर कापसाचा बोळा ठेवायचा, दोन टर्न पलीकडचं दिसत नाही, मग बोळा उचलायचा. संपलं.

इतिहासात मात्र गोळा कुठला, यावर बरंच काही ठरलंय. १९४१ साली उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश रणगाड्यांची २ पाउंडर तोफ ठोस, चिलखतभेदी गोळाच मारायची. समोर रणगाडा असेल तर ठीक. पण जर्मनांची ८८ मिमी तोफ वाळूत दडून बसलेली असायची. ठोस गोळा नेमका लागला तर लागला, नाहीतर वाळूत. तिथे फुटून तुकडे उडवणारा एचई, म्हणजे हाय एक्स्प्लोझिव्ह गोळाच हवा. मे १९४२ मध्ये अमेरिकन ग्रँट रणगाडे ७५ मिमी तोफ घेऊन लढाईत उतरले, तेव्हा कुठे तो हाताशी आला.

आता आपल्याकडचं बघा. १६ डिसेंबर १९७१, शकरगढ भाग. पूना हॉर्सचे सेंच्युरियन रात्रीतून सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून बसंतर नदीपलीकडे पोचलेले. सकाळी आठच्या सुमारास जरपालजवळ पाकिस्तानी रणगाडे धुराच्या पडद्याआडून चालून आले. लांबून नेम धरणाऱ्याचा फायदा धूर एका झटक्यात काढून घेतो. त्या दिवशीच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, पेटलेला रणगाडा सोडायचा आदेश मिळूनही लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा 'फामागुस्ता' रणगाडा अहिल्यानगरला जपून ठेवलाय.

सेंच्युरियनमध्ये गोळे मावायचे साठेक. धुराचा एक जास्त घेतला की एचई किंवा चिलखतभेदी एक कमी. गेममध्ये हा हिशोब सहसा कुणी ठेवत नाही. तिथे दारूगोळा फुकट असतो!

मी कन्हानचा. नदी ओलांडली की कामठीची छावणी. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफगोळ्यांचे धातूचे भाग होतात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं, आणि भद्रावतीच्या चांदा फॅक्टरीत गोळे भरले जातात. म्हणजे आपल्या विदर्भातच. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. सकाळी डबा घेऊन कामावर गेलेली माणसं ती. रणांगण तिथून शेकडो मैल लांब.

असो. पुढच्या शनिवारी खेळायला बसाल तेव्हा एवढं करून बघा: प्रत्येक रणगाड्याचे गोळे आधीच कागदावर लिहा. चिलखतभेदी किती, एचई किती, धुराचे किती. वापरला की खोडा. चौथ्या-पाचव्या टर्नलाच हात आखडायला लागतो, बघा.