पाण्याची वाट दाखवणारी प्रतिपिंडे

कुंभकोणमजवळच्या दारासुरम् येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ऐरावतेश्वराचे मंदिर उभारले. तेथील तीर्थात स्नान केल्यावर यमाच्या अंगाचा दाह शमला, अशी स्थलपुराणातील कथा आहे. कावेरीकाठचा शेतकरी मात्र आणखी एक गोष्ट जाणतो: नुसते पाणी असून भागत नाही, त्याला पाट हवा आणि पाटाला दार हवे. मानवी पेशीविषयी हेच सत्य विज्ञानाला विसाव्या शतकाच्या अखेरीस गवसले, तेही भलत्याच शोधाच्या ओघात.

पेशीपटल मेदाचे असते. त्यातून पाणी थोडेफार झिरपते. पण तांबड्या रक्तपेशींतून आणि मूत्रपिंडाच्या नलिकांतून ते इतक्या वेगाने कसे जाते, हे कोडे होते. रुमानियातील घेओर्गे बेंगा यांनी १९८६ मध्ये तांबड्या पेशींच्या पटलात अशा प्रथिनाच्या खुणा नोंदवल्या होत्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे त्या काळात आर-एच रक्तगटाच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. सशांकडून मिळवलेली त्यांची प्रतिपिंडे अपेक्षित प्रथिनाला न चिकटता २८ किलोडाल्टनच्या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटली. आधी तो मूळ प्रथिनाचा तुटका तुकडा वाटला. १९८८ मध्ये ते स्वतंत्र प्रथिन असल्याचे प्रसिद्ध झाले. ते मूत्रपिंडाच्या नलिकांतही आढळले. ठिकाण कळले, काम कळायचे होते. १९९२ मध्ये त्या प्रथिनाचा संदेश बेडकाच्या अंडपेशीत घातला गेला. साध्या अंडपेशी विरळ द्रावणात टिकल्या. प्रथिन असलेल्या मात्र काही मिनिटांत फुगून फुटल्या. या जलमार्गास पुढे ‘अ‍ॅक्वापोरिन’ हे नाव मिळाले आणि २००३ मध्ये अ‍ॅग्रे रसायनशास्त्राच्या नोबेलचे सहमानकरी ठरले.

मानवी ऊतींच्या पातळ कापांवर प्रतिपिंडे वापरून कोणता जलमार्ग कोठे आहे, याचा नकाशा तयार होत गेला. परंतु प्रतिपिंड हा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक असते. जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीत रंग उमटला, तर साक्ष खोटी. माणसावर असा प्रयोग करता येत नाही. तो निसर्गाने केला होता. कोल्टन रक्तगटाचे प्रतिजन नसलेल्या अत्यंत विरळ व्यक्तींत पहिल्या अ‍ॅक्वापोरिनचे जनुकच बिघडलेले असल्याचे १९९४ मध्ये दिसून आले. पाणी तोडल्यावरही त्यांचे मूत्र पुरेसे दाट होत नाही, हे २००१ मध्ये सिद्ध झाले.

कधी हा साक्षीदार शरीर स्वतःच घडवते, आणि तोच शत्रू होतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या व्याधीत दृष्टिमज्जातंतू व मेरुरज्जू यांवर आघात होतो. अशा रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्णिले; त्याचे लक्ष्य चौथे अ‍ॅक्वापोरिन आहे, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. तोवर अनेकांना मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण समजले जाई, आणि त्या व्याधीची काही औषधे येथे अपायकारक ठरतात. म्हणूनच प्रतिपिंड नेमके कशाला चिकटते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील काटेकोरपणाचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्याची दृष्टी अवलंबून असते.