काचकाम, ज्योतीवरचे

काचेची कांडी गॅसच्या ज्योतीत मऊ करून पोलादी सळईवर गुंडाळायची आणि तिच्यातून मणी, लोलक, कानातल्यांचे थेंब असे दागिन्यांचे घटक घडवायचे, अशी ही कला. भट्टीतल्या काचकामाला कारखाना लागतो, मनुष्यबळ लागते. ज्योतीवरच्या कामाला एक न जळणारा टेबलाचा पृष्ठभाग, टेबलाला पक्का आवळलेला बर्नर, काचेच्या कांड्या आणि हवेशीर खोली एवढे पुरते. म्हणूनच घरबसल्या शिकण्याचा छंद म्हणून ती जगभर रुजली. अमेरिकेत १९९०च्या दशकात तिला विशेष बहर आला आणि १९९३ साली काचमणी घडवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना तिथे स्थापन झाली. त्याआधी शतकानुशतके ती व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, बोहेमियात आणि जर्मनीतल्या लाउशा गावात पोटापाण्याचा धंदा होती. भारतात वाराणसीचे ज्योतीवर घडवलेले मणी प्रसिद्ध आहेत. फिरोजाबादेत बांगडीची टोके जुळवण्याचे काम घराघरांत ज्योतीवरच चालत आले आहे.

सोलापूर व आसपासच्या मुलखात या कामाचा एक घरगुती प्रकार आजी-पणजीच्या पिढीला चांगला ठाऊक होता, पण त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. बांगडी वाढवली की तिच्या काचा मुली जपून ठेवत. काही काचा ‘काचापाणी’च्या खेळात जात, उरलेल्यांची साखळी होई. काचेचा तुकडा दोन्ही टोकांना धरून चिमणीच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, मधला भाग नरम पडला की हलकेच वाकवायचा, टोके जवळ आणायची, आणि मिटण्याआधी त्यात पुढचा तुकडा अडकवायचा. काजळी फडक्याने पुसली की हिरव्या-लाल कड्यांचे तोरण दाराला लागे. कासाराकडून भरलेल्या चुड्याचा हा दुसरा जन्म. तो घडवणाऱ्या मुलींना काच केव्हा वाकते, केव्हा ताणली जाते आणि घाई केली तर केव्हा तडकते, हे हाताने कळत होते. आजच्या महागड्या प्रशिक्षणवर्गाचा पहिला धडाही हाच असतो, आणि म्हणून तो खेळ या कलेच्या इतिहासात धरायलाच हवा.

काचमण्यांचे जुने पुरावे सोलापूरच्या शेजारीच आहेत. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनांतले तगर, सातवाहनकालीन व्यापारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या इतर वस्तूंबरोबर मणीही आहेत. संत गोरा कुंभारांचे गावही हेच. ज्योतीचे काम शिकणाऱ्याने हातात भिंग घेऊन तेथे एक फेरी जरूर मारावी. ओढीव मण्यात काचेची पोकळ नळी लांबवर ओढून तिचे तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे आतले बुडबुडे व रंगाच्या रेघा छिद्राच्या दिशेने धावतात. गुंडाळीव मण्यात त्या छिद्राभोवती फिरतात. ही एक खूण पटली की बाजारातली काळी पोत असो वा संग्रहालयातला मणी, तो कसा घडला हे सांगता येते. ओढीव मण्यांचे तंत्र आंध्रातल्या पापानायडुपेटा गावात विसाव्या शतकातही जिवंत होते. सोलापूरवरून जाणाऱ्या मुंबई–चेन्नई लोहमार्गावरचे रेणिगुंटा स्थानक त्याला जवळचे. या विषयाचा पाया घालणारा ग्रंथही मराठी पुरातत्त्वज्ञाचा आहे. डॉ. मोरेश्वर गं. दीक्षित यांचा भारतीय काचेचा इतिहास मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या आधुनिक काचधंद्याचा, म्हणजे तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचा (१९०८) आणि ओगलेवाडीचा, इतिहास मात्र भट्टीच्या काचेचा आहे.

काम असे चालते. पोलादी सळईच्या टोकाला पांढरी चिनी माती व अ‍ॅल्युमिना यांचा पातळ लेप देऊन तो पूर्ण वाळवतात. लेप नसेल तर मणी सळईला कायमचा चिकटतो. डाव्या हातात सळई, उजव्या हातात काचेची कांडी. थंड कांडी एकदम ज्योतीत घातली तर टोक तडतडून तुकडे उडतात, म्हणून ती आधी ज्योतीच्या शेंड्यातून आत-बाहेर फिरवत तापवायची. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळबिंदू नाही. ती हळूहळू सैल होत काकवीसारखी ओघळू लागते. टोकाला गोळा जमला की तो लेपावर टेकवून सळई आपल्यापासून दूर फिरवायची, म्हणजे काच आपोआप गुंडाळली जाते. पुढचा सारा खेळ सळई आडवी ठेवून अखंड फिरवण्याचा. हात थांबला की मणी एका बाजूला लोंबतो, आणि फिरता राहिला तर काच स्वतःच गोल होते. नवशिक्याने ठिपके, वेलबुट्टी, पारदर्शक काचेचे आवरण यांच्या मोहात न पडता आधी साधा एकरंगी गोल मणी पुरेसा घटवावा. दोन्ही बाजूंना छिद्राची कड आत वळली, तिथे खळगा पडला, की तो मणी जमला. कड टोकदार राहिली तर ती दोरा कापते आणि गाठवलेली माळ एखाद्या लग्नात तुटते.

खरी परीक्षा ज्योत विझल्यावर सुरू होते. मण्याचे बाहेरचे अंग आधी थंड होऊन आकसते, आतले गरमच असते, आणि हा ताण काचेत कोंडला जातो. असा मणी त्याच रात्री तडकेल, नाहीतर सहा महिन्यांनी गळ्यात असताना. उपाय एकच : मऊ सोडा-चुन्याच्या काचेचा मणी विजेच्या छोट्या भट्टीत सुमारे ५१० अंश सेल्सिअसला काही काळ ठेवायचा आणि मग तापमान सावकाश उतरवायचे. बोरोसिलिकेट काचेला हेच सुमारे ५६५ अंशांना करावे लागते. भट्टी नसेल तर मणी सिरॅमिक तंतूच्या घडीत गुंडाळून निवू देतात. तेवढ्याने तो लगेच फुटत नाही, पण ताण पुरता जात नाही, म्हणून असा मणी विकू नये. वीज मध्येच गेली तर भट्टीचे दार उघडायचे नाही. पारदर्शक मण्यातला ताण घरीही पाहता येतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर मणी धरून ध्रुवीकरण करणाऱ्या गॉगलमधून पाहावे आणि पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल फिरवावा. त्या काळोखात मणी उजळला तर ताण शिल्लक आहे.

काचा एकमेकींशी जुळतातच असे नाही. छंदात सर्वाधिक वापरली जाणारी इटालियन मऊ काच एका अंशाला दशलक्षांत १०.४ भाग प्रसरण पावते, खिडकीची किंवा बाटलीची सुमारे ९, तर प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट केवळ ३.३. दोन प्रकार एका मण्यात मिसळले की तो फुटणार, मग थंड कितीही सावकाश करा. बांगड्यांच्या काचेचे प्रमाण कारखान्यागणिक बदलते, म्हणून एका बांगडीचा मणी त्याच बांगडीच्या काचेत पुरा करावा. रंगांचे स्वभावही वेगळे. तांब्याने निळसर झालेल्या काचेला ऑक्सिजन कमी पडलेली ज्योत लागली की तिच्यावर विटकरी, धातूसारखी साय येते. हस्तिदंती काचेवर तीच निळी काच ठेवली की सीमेवर काळी रेघ उमटते, कारण हस्तिदंतीतले गंधक तांब्याशी संयोग पावते. जाणते कारागीर ही रेघ मुद्दाम काढतात.

सराफकट्ट्यावर डाग देणाऱ्या सोनाराची ज्योत या कामाला अपुरी व फार अरुंद पडते. साधा बर्नर गॅस आणि खोलीतल्या हवेवर चालतो. तो संथ असतो आणि पारदर्शक काच त्यात धुरकट होते. पुढच्या टप्प्यावर ऑक्सिजनची जोड देतात. त्यासाठी घरगुती ऑक्सिजन यंत्र चालते, मात्र त्याच्या जोडांना तेल-ग्रीस कधीही लावायचे नाही आणि ज्योत नळीत उलटी शिरू नये म्हणून झडप बसवायचीच. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरणे नियमाबाहेर आहे. व्यापारी जोडणी घ्यावी. हा गॅस हवेहून जड असल्याने गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळघर नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात अडचण अशी की पंखा लावला तर ज्योत हलते आणि मणी एका अंगाने निवतो, त्यामुळे वैशाखात काम पहाटे उरकावे आणि हवा बाहेर खेचणारा पंखा ज्योतीच्या वरच्या बाजूला बसवावा. अंगात सुती कपडे हवेत, केस बांधलेले. तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या उजेडाने मणी दिसेनासा होतो. डिडिमियमचा चष्मा नेमका तो पिवळा उजेड गाळतो. बोरोसिलिकेटसाठी याहून गडद चष्मा लागतो.

मणी सळईवरून काढल्यावर छिद्रात उरलेला लेप हिऱ्याच्या कानशीने, पाण्याखाली धरून घासावा. कोरडा घासला तर ती भुकटी फुप्फुसात जाते. काचमणी वजनाने जड, म्हणून पातळ रेशमी दोऱ्याऐवजी दुपदरी पक्का दोरा किंवा तार घ्यावी आणि दर दोन मण्यांमध्ये गाठ मारावी, म्हणजे काच काचेवर आपटत नाही. हे गाठवण्याचे काम पटवेकऱ्याकडून करून घेतलेले बरे.