कॅमेऱ्याची मोडी, संकलनाची बाळबोध



घरातल्या तरुण मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "मावशी, कॅमेऱ्यातली फाईल टीव्हीवर छान चालते, पण संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की अडखळते. ती आधी 'कन्व्हर्ट' का करावी लागते?" मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. त्यामुळे "कसे करायचे" हे सांगण्याआधी "हे असे का झाले" हे सांगायची खोड जात नाही. निवृत्तीनंतर घरातल्या कॅसेटी संगणकावर उतरवायचे वेड लागले, त्यात जे शिकले ते एकदा सविस्तर लिहून ठेवते. लांबण लागली तर मास्तरीणबाई म्हणून सोडून द्या.

सुरुवात मोडीपासून करते. आमच्या सासऱ्यांना मोडी येत असे. आमच्या पिढीच्या वाट्याला मात्र ती आली नाही, कारण १९५० च्या सुमारास ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. मोडी ही घाईची लिपी. कारकुनाने आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता सरसर लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, कागदही वाचतो. वाचणाऱ्याचे मात्र हाल. म्हणून राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला घेतली, किंवा रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा आधी मोडीचे बाळबोध करावे लागले. जुळवाजुळव, तारखा लावणे, टिपा देणे हे सगळे त्यानंतर.

कॅमेराही कारकूनच आहे. समोर घडते ते त्याला त्याच क्षणी, कमीत कमी जागेत उतरवायचे असते. म्हणून तो मोडी लिहितो. संकलन करणाऱ्याला मात्र बाळबोध हवी असते, प्रत्येक अक्षर सुटे आणि स्पष्ट. गेल्या चाळीस वर्षांतल्या कॅमेऱ्यांचा इतिहास या एका ओढाताणीचा आहे.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये काढलेली व्हीएचएस कॅसेट काही वर्षांत सोलापुरातल्या लग्नांतही पोचली. हॅलोजनच्या झोतात घामाघूम झालेले नवरा-नवरी, वायर सांभाळत मागे धावणारा पोऱ्या आणि "इकडे बघा" म्हणणारा शूटिंगवाला आठवतोय ना? संकलनाला तेव्हा सगळेजण 'मिक्सिंग' म्हणत. एका व्हीसीआरवर कॅसेट चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा. या पद्धतीत प्रत्येक नकलेला चित्र थोडे फिके होई. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल केली की नवरीचा शालू कुठला आणि मागचा पडदा कुठला हे कळेनासे होई. पूर्वी पोथी उतरवताना लेखनिकाच्या चुका पुढच्या नकलेत जात आणि त्यात नव्यांची भर पडे, तसेच हे.

मग १९९५ मध्ये डीव्ही हा प्रकार आला आणि त्याची काडेपेटीहून थोडी मोठी 'मिनी डीव्ही' कॅसेट. यात चित्र आकड्यांत साठवले जाई. सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. आणि महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली. भारतात टीव्हीची पद्धत 'पाल', म्हणून सेकंदाला २५ फ्रेम. त्या पंचविसांतली कुठलीही एक उचला, ती स्वतःपुरती पूर्ण असे. कॅमेऱ्यानेच बाळबोधीत लिहिले म्हणा ना. अडचण एवढीच, की तासाची कॅसेट संगणकात उतरवायला पुरा तास लागे. आणि ते दिवस आपल्याकडच्या भारनियमनाचे! ४० मिनिटे झाली की हमखास वीज जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीची एक कॅसेट मी अशी तीन रात्री उतरवत होते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या नातेवाइकांचे कॅमेरे सुट्टीत सोलापूरला येऊ लागले आणि एक नवाच घोळ सुरू झाला. तिकडची पद्धत 'एनटीएससी', सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेम. इथले २५ आणि तिथले ३० एकाच फितीत जोडले की चालणारा माणूस मध्येच ठेचकाळल्यासारखा दिसतो. एकाला दुसऱ्याच्या मापात बसवावे लागते. तेही रूपांतरच.

पुढे लोकांना कॅसेट नकोशी झाली. आधी छोट्या डीव्हीडीवर लिहिणारे कॅमेरे आले, आणि २००६ मध्ये सोनी व पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी हा प्रकार जाहीर केला. मोठे, स्वच्छ चित्र आणि तेही नखाएवढ्या कार्डावर. हे साधले कसे? कॅमेरा पुन्हा मोडीकडे वळला म्हणून. २००३ मध्ये ठरलेली एच.२६४ नावाची दाबण्याची पद्धत यात वापरली होती. ती समजायला शाळेचे हजेरीपत्रक उपयोगी पडते.

समजा, वर्गात ५२ मुले आहेत. सोमवारी मी सगळी नावे लिहिली. मंगळवारी लिहिले, "कालच्याप्रमाणेच, फक्त ७ नंबर गैरहजर". बुधवारी, "७ नंबर आला, १९ आणि ३० गैरहजर". कागद किती वाचला! पण शुक्रवारी कोण कोण हजर होते हे विचारले, तर मला सोमवारपासून वाचत यावे लागेल. आणि कोणी सोमवारचे पान फाडले, तर पुढच्या चार पानांना काही अर्थच उरणार नाही.

एच.२६४ नेमके हेच करते. एक फ्रेम पूर्ण लिहिते आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये बहुतांशी फरकच नोंदवते. शिवाय काही फ्रेम मागच्याबरोबर पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असतात, म्हणजे मंगळवारची हजेरी कळायला बुधवारचे पान उघडायचे! ओळीने पाहत गेले तर टीव्हीला काही त्रास नाही. संकलन करणारा मात्र मध्येच थांबतो, मागे जातो, एक फ्रेम पुढे सरकतो, तिथेच कापतो. दर वेळी संगणकाला सोमवारपर्यंत मागे धावावे लागते. म्हणून तो अडखळतो.

यावरचा उपाय म्हणजे पुन्हा बाळबोध प्रत काढणे. अ‍ॅव्हिड कंपनीने २००४ मध्ये डीएनएक्सएचडी आणि अ‍ॅपलने २००७ मध्ये प्रोरेस हे प्रकार काढले ते यासाठीच. यात प्रत्येक फ्रेम पुन्हा सुटी लिहिली जाते. किंमत मोजावी लागते ती जागेची. सुरुवातीच्या एव्हीसीएचडीची कमाल गती सेकंदाला २४ मेगाबिट होती, म्हणजे तासाला जेमतेम ११ जीबी. तेच प्रोरेस ४२२ मध्ये उतरवले की तासाला सुमारे ५५ जीबी. आणि एक लक्षात ठेवा, पाचपट जागा घेतली म्हणून चित्र पाचपट चांगले होत नाही. बाळबोध प्रत मूळ कागदापेक्षा जास्त काही सांगत नाही, ती फक्त हाताळायला सोपी असते. पैसे टाकून कार्यक्रम विकत घ्यायची गरज नाही. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग फुकट मिळतो आणि हे काम चोख करतो. ज्यांची डिस्क लहान आहे त्यांनी 'प्रॉक्सी' करावी. म्हणजे संकलनापुरती छोटी, हलकी प्रत काढायची, तिच्यावर काम करायचे आणि शेवटी मूळ फाईल जोडायची.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. .एमटीएस, .एमओव्ही, .एमपी४ ही फाईलच्या शेवटी असलेली नावे म्हणजे लिपी असे अनेकांना वाटते. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात. ही नावे म्हणजे नुसते रुमाल. आतले अक्षर कुठले, हे कोडेकवरून ठरते. एका रुमालातून कागद काढून दुसऱ्यात बांधले, तर क्षणात काम होते आणि चित्राला धक्का लागत नाही, पण मोडीचे बाळबोधही होत नाही. काही सॉफ्टवेअरला फक्त रुमाल अनोळखी असतो, तेव्हा एवढेच पुरते. ते आधी करून पाहावे.

आजच्या मोबाईलचीही तीच कथा. २०१३ मध्ये एच.२६५ ठरली आणि २०१७ पासून आयफोन त्यात लिहू लागले. मोडी आणखी किरटी झाली. वर बरेच मोबाईल उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमची गतीही बदलतात. मग संकलनात ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. अशा फाईलची आधी ठरावीक गतीची प्रत काढून घ्यावी.

मूळ प्रत वेगळी आणि कामाची प्रत वेगळी ही शिस्त काही संगणकाने शिकवलेली नाही. फिल्मच्या काळात कॅमेऱ्यातली निगेटिव्ह जपून ठेवत आणि तिच्यावरून काढलेल्या प्रिंटवर कापाकापी करत. सगळे मनासारखे झाले की मगच निगेटिव्हला कात्री लागे. पण मूळही एका जागी ठेवून भागत नाही. जुनी फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. तिच्यावरची दृश्ये सुरक्षित फिल्मवर उतरवणे हे त्या काळचे रूपांतर. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तिथे पी. के. नायर यांनी जन्मभर हे केले. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'चे विस्कळीत तुकडे त्यांनी जुळवून लावले, म्हणून कृष्ण झालेली दादासाहेबांची लेक मंदाकिनी आपल्याला आज दिसते. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. ज्या रिळांची प्रत आधीच झाली होती, त्यांतली दृश्ये तरी उरली.

आमच्याच नात्यातल्या एका घरी उलटे झाले. त्यांनी लग्नाची कॅसेट डीव्हीडी करायला एका दुकानात दिली. दुकानदाराने डीव्हीडी दिली, कॅसेट मात्र हरवली म्हणून हात वर केले. ती डीव्हीडी भरपूर दाबलेली, चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठोकळे. त्या लग्नात घरच्या आजींनी म्हटलेल्या ओव्या आहेत. आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. मूळ कॅसेट असती तर पुन्हा नीट उतरवता आली असती. आता कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, जे टाकून दिले गेले ते परत येणार नाही.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. माळ्यावरच्या कॅसेटी आधी खाली काढा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू यंत्रे आता दिवसेंदिवस कमीच होणार. दुकानात द्याल तेव्हा मूळ कॅसेट परत मिळेल हे आधी ठरवून घ्या. उतरवलेली पहिली फाईल जशीच्या तशी दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. संकलन नेहमी प्रतीवर करा.

पण एक रूपांतर कुठल्याही सॉफ्टवेअरला येत नाही. मोडीचे कितीतरी रुमाल आजही वाचकाची वाट पाहत पडून आहेत. अक्षर शाबूत आहे, वाचणारा नाही. आपल्या कॅसेटींचेही तसेच होईल. आमच्या घरातल्या १९८८ च्या मुंजीच्या चित्रणात मांडवात एकशे दहा माणसे मी मोजली. त्यातली ६३ मला ओळखता आली. थोरल्या जाऊबाईंनी आणखी २१ सांगितली. त्या ८४ वर्षांच्या आहेत. उरलेल्या २६ जणांना ओळखणारे कोणी आहे का, हे मी अजून शोधते आहे.

म्हणून फाईल बदलून झाली की तिच्या शेजारी एक साधी वही ठेवा. कितव्या मिनिटाला कोण दिसते, कोणाचा कोण, कुठल्या गावचा. आम्ही सत्तरी-ऐंशीतली माणसे आहोत तोवर विचारून घ्या. मुंजीची फाईल नातेवाइकांना वेगळी पाठवते आहे. मांडवाच्या डाव्या खांबाजवळ तपकिरी टोपी घातलेले, पानसुपारी वाटणारे एक गृहस्थ आहेत. ते कोण, हे कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.