मालवणची खाणावळ : शब्द, संस्था व साधनें

[१]

सिंधुदुर्ग पाहून परत आलेला प्रवासी होडींतून मालवणच्या धक्क्यावर उतरला म्हणजे त्याचा पहिला प्रश्न इतिहासाचा नसतो; 'जेवावयाचें कोठें?' हा असतो. बाजारपेठेपासून भरडापर्यंत, आणि तेथून पुढें तारकर्ली-देवबागच्या रस्त्यानें, 'घरगुती खानावळ' अशा पाट्या त्यास ठिकठिकाणीं दिसतात. किल्ल्याची पायाभरणी शके १५८६ मध्यें, म्हणजे इ. स. १६६४ त, झाली; त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु किल्ल्यासमोरच्या पाटीवरील या दोन शब्दांचा इतिहास कोणीं तपासल्याचें आमच्या अवलोकनांत नाहीं. विषय क्षुद्र आहे असें म्हणणारे निघतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या समाजानें परक्याच्या हातचें अन्न घेण्यासंबंधीं शेंकडों नियम केले, तो समाज पैसे मोजून अनोळखी स्वयंपाकघरांत कसा जेवूं लागला, हा प्रश्न लहान नव्हे. अमुक खाणावळ उत्तम व अमुक मध्यम, हा निवाडा मात्र आम्ही वाचकांच्या जिभेवर सोंपवितों.

[२]

प्रथम शास्त्र पाहूं. आपस्तंब धर्मसूत्राच्या पहिल्या प्रश्नांत, बाजारांत विकत मिळणारें अन्न खाऊं नये, असा स्पष्ट निषेध आहे. कच्चें मांस, मध व मीठ यांस तेथें मोकळीक दिली आहे. तेल व तूप पाण्यानें प्रोक्षण करून घ्यावें असें सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्कालीं वैश्यवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणानें जे पदार्थ विकूं नयेत त्यांची यादी आहे. तींत शिजविलेलें अन्न येतें. म्हणजे घेणारासही अडचण व विकणारासही अडचण.

यावर कोणी अशी शंका घेईल कीं, कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'औदनिक', म्हणजे शिजलेला भात विकणारा, स्पष्ट उल्लेखिला आहे. दुसऱ्या अधिकरणांत नागरिकाचीं कर्तव्यें सांगतांना, मद्य विकणारा, शिजविलेलें मांस विकणारा व औदनिक यांनीं ओळखीच्या मनुष्यास उतरून घ्यावें, असें म्हटलें आहे. शंका रास्त आहे. जेथें निषेध आहे तेथें व्यवहार असलाच पाहिजे, हेंही खरें. परंतु तो उल्लेख मोठ्या नगराच्या बंदोबस्तासंबंधीं आहे. तेवढ्यावरून कोंकणच्या किनाऱ्यावर भात विकण्याचा धंदा पुरातन आहे, असें म्हणणें धाडसाचें होईल.

[३]

आतां शब्द घेऊं. हल्लीं पाट्यांवर 'खानावळ' असें लिहितात, व त्यामुळें हा शब्द फारशी 'खाना' यापासून निघाला असावा असा पुष्कळांचा समज होतो. आमच्या मतें 'खाणावळ' हेंच रूप मूळचें होय. दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी, धुणावळ म्हणजे धुण्याची, शिवणावळ म्हणजे शिवण्याची व लिहिणावळ म्हणजे लिहिण्याची. त्याच नियमानें खाणावळ म्हणजे खाण्याबद्दल द्यावयाचा आकार. पैशाचें नांव पुढें जागेस लागलें. ही व्युत्पत्ति मान्य झाल्यास एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ती ही कीं, या संस्थेचा आरंभ दुकानापासून नसून घरापासून आहे. घरांतील चुलीवर चार माणसांचें शिजत होतें, त्यांत पांचवा बसला, आणि त्यानें महिन्याकाठीं आपली खाणावळ दिली. घर तेंच राहिलें; फक्त हिशेब नवा आला.

[४]

मालवणांत जुन्या काळीं परका मनुष्य कोठें जेवीत असे? आप्ताच्या किंवा ज्ञातीच्या घरीं, मठांत अथवा देवालयांत, आणि यांपैकीं कांहींच नसल्यास धर्मशाळेंत स्वतः तीन दगडांची चूल मांडून. गलबतावरच्या खलाशांची चूल गलबतावरच असे. या सर्व प्रकारांत पैशाचा संबंध येत नाहीं. या जुन्या वहिवाटीचा जिवंत अवशेष पाहावयाचा असल्यास मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीस भराडीदेवीच्या जत्रेस जावें. तेथें वाडींतील घरोघरच्या स्त्रिया प्रसादाचें अन्न रांधितात, व आलेला यात्रेकरू ओळख-देख नसतां पंक्तीस बसतो. त्या अन्नास किंमत नाहीं. जत्रेंत दुकानावर विकत मिळतें तें खाजें. म्हणजे बेसनाचें, गूळ व आलें घातलेलें, दिवसेंदिवस टिकणारें कोरडें खाणें. भात व कढी विकत नाहीं, खाजें विकत आहे, ही विभागणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

इ. स. १८१२ त करवीरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेलें. पुढें तें तालुक्याचें ठाणें झालें. कचेरी आली म्हणजे परगांवचे कारकून व पक्षकार आले, शाळा आली म्हणजे शिक्षक व विद्यार्थी आले. महिना भरून जेवणारा वर्ग येथें उत्पन्न झाला खरा; परंतु तो थोडा होता.

[५]

मोठी घडामोड मालवणांत झाली नाहीं. ती मुंबईंत झाली, असें आमचें अनुमान आहे. इ. स. १८५४ त कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढली. त्यानंतर परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत गिरण्या वाढत गेल्या, व तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यांतून, ज्यांत मालवण इ. स. १९८१ पर्यंत मोडत होतें, हजारों पुरुष तिकडे गेले. बायकामुलें गांवीं, पुरुष चाळींत, आणि पाळी तिन्ही प्रहरांची. एका खोलींत एका गांवचे अनेक गडी राहत. एक निजावयास आला कीं दुसरा कामावर जाई. अशा माणसांस जेवूं कोणीं घालावें? त्याच चाळींतील एखाद्या गिरणी-कामगाराच्या बायकोनें अगर विधवेनें. ती गांवचीच असल्यामुळें जातीची व हाताची शंका उरत नसे. आणि तिचें मासळीचें सार गांवच्या चवीचें असे. या स्त्रियांस भांडवल नव्हतें; किराणा उधार, व्याज भारी, आणि जेवणाऱ्याचा पगार होईपर्यंत वसुली नाहीं. इ. स. १९७५ त प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकांचें कर्ज मिळवून दिलें, हें प्रसिद्ध आहे.

ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले. पगार थांबल्यावर खाणावळीही थकल्या. पुष्कळ कुटुंबें कोंकणांत परतलीं. त्यांच्याबरोबर परक्यास पैसे घेऊन जेवूं घालण्याची विद्याही परत आली, असें आम्हांस वाटतें. पुढें इ. स. १९९७ त सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, इ. स. १९९८ त कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, व जेवणारा मनुष्य आपल्या पायांनीं मालवणांत येऊं लागला. मुंबईंत महिन्याची असलेली खाणावळ येथें एका ताटाची झाली.

[६]

ताटाविषयीं दोन शब्द. त्यांत उकड्या तांदुळाचा भात किंवा वडे, बांगड्याचें तिरफळ घातलेलें तिखलें, एखादी तळलेली तुकडी, आणि शेवटीं सोलकढी. पाहुण्यास हें सर्व अनादि वाटतें. परंतु मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या मार्गानें सोळाव्या शतकांत आली. तेव्हां या ताटाचा तांबडेपणा किल्ल्याहून फार तर शंभर-सव्वाशें वर्षें जुना. उलट भिरंड हें येथलेंच. गार्सिया द ओर्ता याच्या इ. स. १५६३ त गोव्यास छापलेल्या संवादग्रंथांत तें फळ पोर्तुगीज वळणाच्या नांवानें आलें आहे, आणि त्या नांवांत आपला 'भिरंड' शब्द सहज ओळखूं येतो. तिखट बाहेरचें व आंबट घरचें, असा हा मेळ आहे.

[७]

येथवर जें लिहिलें त्यांतील पांचवें कलम अनुमानाचें आहे, आणि तें अनुमानच राहिलें यास कारण आमचा स्वतःचा प्रमाद आहे. तो सांगणें कर्तव्य समजतों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही मालवणांत शिक्षक म्हणून रुजू झालों व एका वृद्ध बाईंच्या खाणावळींत जेवूं लागलों. सर्व त्यांस काकी म्हणत. त्यांनीं परळास वीस-बावीस वर्षें खाणावळ चालविली होती व संपानंतर त्या गांवीं आल्या होत्या. त्यांची एक लांबट वही होती. तिच्या पहिल्या भागांत मुंबईच्या गिऱ्हाइकांचीं नांवें, गांव, पाळी, खाडे, बाकी. मग कांहीं कोरीं पानें. आणि पुढें त्याच हातानें, त्याच रकान्यांत, मालवणच्या जेवणाऱ्यांचीं नांवें. त्यांत आमचेंही होतें. ज्या दिवशीं शिवराक जेवण त्या दिवशीं समासांत 'शि' असें अक्षर. बदली होऊन निघतेवेळीं आम्ही संस्कृतज्ञतेच्या अभिमानानें त्यांच्या माळ्यावरची एक पोथी मागून घेतली. वहीकडेही आमची नजर गेली होती, परंतु काकी म्हणाल्या, "मास्तरांनू, पोथी न्हेवा. हिच्यात काय आसा? भाताचो हिशोब." आम्हांसही तें पटलें. पोथी निघाली विष्णुसहस्रनामाची, जिच्या प्रती घरोघर आहेत. पांच-सहा वर्षांनीं परत गेलों तेव्हां काकी वारल्या होत्या, व वही पाणी तापविण्याच्या बंबांत गेली होती.

त्या वहींतील कोरीं पानें हाच संपाचा काळ, आणि दोन्ही बाजूंचे सारखे रकाने हाच मुंबईची खाणावळ मालवणास आल्याचा पुरावा. तो आज आमच्या स्मरणाखेरीज कोठेंही नाहीं; आणि स्मरण हें अस्सल साधन नव्हे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

[८]

तात्पर्य असें. खाणावळ हा शब्द मूळचा आकाराचा. मालवणांतील आजची संस्था बहुतांशीं गिरणगांवांतून परत आलेली. आणि पाटीवरील 'घरगुती' हें विशेषण शोभेचें नाहीं. आपस्तंबानें ज्या बाजारच्या अन्नाचा निषेध केला, तें हें नव्हे, घरचें आहे, अशी ग्वाही तो शब्द येणाऱ्यास देतो. लिहिणाऱ्यानें आपस्तंब वाचलेला नसतो. तरी शंका जुनी आहे व उत्तरही तिला धरून आहे.

संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, यापुढें कोंकणांतील एखाद्या घरीं दप्तर पाहण्यास गेल्यास पोथ्या व सनदा पाहून झाल्यावर फडताळांतील हिशेबाच्या वह्याही मागाव्या. निदान त्यांची नक्कल करून घ्यावी. ज्या स्त्रियांनीं गांवोगांवचे गडी पोसले त्यांच्या हातचें लिखाण तेवढेंच आहे. कोणास अशी वही सांपडून आमचें अनुमान खोटें ठरलें, तरी आम्हांस संतोषच होईल. इत्यलम्.